जिन्याखालच्या वकीलबाई

कोर्टाच्या जिन्याखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या मावशींना वकील व्हायचं कधीच नव्हतं. सगळा घोटाळा कोटाने केला. ज्या वकिलांकडे त्यांनी उमेदीची वर्षं टायपिंगमध्ये घालवली, ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने आठवण म्हणून त्यांचा काळा कोट मावशींना दिला. जिन्याखाली वारा असा झोंबायचा की मावशींनी तो अंगावर चढवला, तो कायमचाच. मग काय, लोक अर्ज टाइप करून घ्यायचे आणि उठता उठता विचारायचे, "मावशी, आता मी काय करू?" टाइपरायटर थांबला तरी मावशींची जीभ थोडीच थांबणार!

बरं, सल्ला देऊन त्या मोकळ्या होत म्हणावं, तर तेही नाही. कुणाची तारीख जवळ आली की काळजी मावशींना, स्वयंपाकात लक्षच नाही. "वकीलबाई तुला म्हणतात आणि उपास मला घडतो," त्यांचा नवरा करपलेली भाजी चिवडत म्हणायचा. जन्मभर बस चालवलेला माणूस, स्टँडवरच्या उसळीनेही कधी कुरकुरला नव्हता.

आणि एक दिवस घरमालकाने कोर्टात खेचलेला एक शिंपी न्यायाधीशांपुढे उभा राहिला. तुमचे वकील कुठे आहेत, असं विचारल्यावर बिचारा सरळ म्हणाला, "वकीलबाई खाली बसतात, जिन्याखाली. घर सोडू नका, गप्प बसा म्हणाल्यात."

सगळे हसले, न्यायाधीश सोडून. त्यांनी शिंप्याला लेखी उत्तर द्यायला मुदत दिली आणि मावशींचं प्रकरण वकिलांना सनद देणाऱ्या मंडळाकडे पाठवलं. सनद नसताना वकिली केली म्हणून मावशींना बोलावणं आलं, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. टेबल उचलायला लावलं तर या वयात बसायचं कुठे? घरी नवऱ्यासमोर? त्यापेक्षा तुरुंग बरा, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मंडळाच्या अध्यक्षबाई मावशींच्या लेकीच्या वयाच्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं, पण त्या शांतपणे बोलत होत्या.

"लोकांना सल्ला देता तुम्ही?"

"विचारतात हो सगळे. तोंडातून निघून जातं."

"वकील चुकला तर लोक आमच्याकडे येतात. आम्ही त्याचा कान धरतो, वेळ पडली तर सनद काढून घेतो. तुम्ही चुकलात तर यांनी कुणाकडे जायचं?" त्यांनी साक्षीला आलेल्या शिंप्याकडे बोट केलं.

"मावशी चुकत नाहीत," शिंपी ठासून म्हणाला.

"उत्तर दाखल केलंत?"

"नाही. साहेबांनी मुदत दिलीय, पण यांनी गप्प बसायला सांगितलंय ना!"

अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, परवा मुदत संपतेय. उत्तर नाही गेलं तर मालकाचंच ऐकून निकाल लागेल."

मावशी उठून उभ्याच राहिल्या. घरात गप्प राहा म्हटलं होतं त्यांनी, मालकाशी भांडू नका एवढ्याचसाठी! टेबल, जिना, सगळं त्या विसरल्या. "आधी याला वकील द्या हो," त्या रडतच म्हणाल्या, "माझं काय करायचं ते मग करा."

शिंप्याला तिथूनच फुकट सल्ल्याच्या कचेरीत पाठवलं गेलं. आणि मावशींना सांगितलं गेलं की टायपिंग खुशाल करा, लोक सांगतील ते त्यांच्या शब्दांत. पण सल्ला बंद. आणि कोटही.

मुदत संपायच्या दिवशी मावशी शाल पांघरून टेबलाशी बसल्या होत्या. एक तरुण बाई कागद घेऊन आली. "मावशी, नवऱ्याने हे पाठवलंय. सही करू का?"

तोंड सवयीने उघडलंच होतं. "मला नाही माहीत गं, बाळा," मावशी म्हणाल्या. आभाळ काही कोसळलं नाही. त्या उठल्या आणि तिला फुकट सल्ल्याच्या कचेरीपर्यंत सोडायला निघाल्या. अर्ध्या जिन्यात शिंपी भेटला, वकिलासोबत धावत उतरणारा. "उत्तर दाखल झालं, मावशी!" मावशी तिथेच पायरीवर बसल्या. इतकं हलकं त्यांना किती वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याने भाजी चाखली आणि संशयाने वर पाहिलं. "करपली नाही. आज कुणाची तारीख नाही वाटतं?"

"असेल की," मावशी म्हणाल्या. "त्यांचे वकील करतील काळजी." आणि त्यांनी स्वतःला आणखी भाजी वाढून घेतली.