समोरून येणाऱ्या गाडीचा हात

मी पेठच्या शाळेत शिकवते आणि राहते नाशकात. म्हणजे रोजची एसटी आली. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाचं पहिलं सीट माझं. तिथून पुढची काच आख्खी दिसते. तिथे कोणी आधीच बसलेलं असलं की माझा दिवस नासतो.

एसटीच्या ड्रायव्हर लोकांची एक मुकी भाषा आहे. समोरून दुसरी गाडी आली की दोघं हात करतात. लोकांना वाटतं, रामराम चाललाय. कसला रामराम! तळहात खाली दाबला तर पुढच्या वळणावर गुरं नाहीतर बंद पडलेला ट्रक, सावकाश ये. छातीवरचा खिसा थोपटला तर पुढे तिकीट तपासणारे उभे आहेत. मी मेली चौकस. कंडक्टरचं डोकं खाऊन खाऊन एकेक खूण काढून घेतली.

"मॅडम, तुम्हाला काय गाडी चालवायची हाय का?" तो वैतागून म्हणायचा, पण सांगायचा.

दिवाळीच्या आधीची एक सकाळ. आमचा ड्रायव्हर एरवी अबोल, शांत माणूस. त्या दिवशी गिअर असा टाकत होता की सगळी गाडी हादरत होती. मी कंडक्टरकडे बघितलं.

"घरवाली पेठच्या दवाखान्यात हाय," तो हळूच म्हणाला. "हा रात्री नाशकात मुक्कामाला, अन् तिला पहाटे नेली. बाळ आडवं आलंय म्हणे. बदली ड्रायव्हर भेटला नाय."

"अहो, मग फोन करा ना!"

"सावळघाटात कसली रेंज, मॅडम? पेठच्या स्टँडवर सांगून ठेवलंय. तिकडून येणारी गाडी खबर आणंल."

हळू बोलला तरी मागे ऐकू गेलंच. मुलगा का मुलगी, यावर आख्खी गाडी बोलायला लागली. एका आजोबांनी तर पेढे कुठून घ्यायचे तेही ठरवून टाकलं. मला असा संताप आला! तिकडे बाईचा जीव टांगणीला आणि यांना पेढे सुचतायत.

पेठहून येणारी पहिली गाडी दिसली. त्या ड्रायव्हरने पंजा नुसता हवेत फिरवला. अजून काही नाही. आमच्या ड्रायव्हरने गिअर आणखी जोरात टाकला.

घाट चढताना दुसरी गाडी आली. लांबूनच लाईट मारत, हॉर्न वाजवत. वळणावर दोन्ही गाड्या अगदी हळू झाल्या, आणि समोरच्याने एक हात कोपरात वाकवून तान्ह्या बाळाला झुलवावं तसा झुलवला.

"आलं गं बाई!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

आमचा ड्रायव्हर मात्र हसला नाही. त्याने बोट आपल्या कपाळावर टेकवलं, बाईमाणूस कुंकू लावतं तिथे, आणि मग विचारल्यासारखा तळहात उताणा केला. ही खूण मला कंडक्टरने कधी शिकवली नव्हती. समोरच्याला ती लगेच कळली. त्यानेही कपाळाला बोट लावलं आणि जोरजोरात मान डोलावली. गाडी निघून गेली. ड्रायव्हरने बाहीने तोंड पुसलं. मी तर सरळ रडायला लागले, खोटं कशाला बोलू.

पेठ आलं. गाडी उभी करून तो उडी मारून पळत सुटला.

"ओ ड्रायव्हर," आजोबा खिडकीतून ओरडले, "मुलगा का मुलगी?"

"ती बरी हाय!" तो मागे न बघता म्हणाला.