बरं दिसणाऱ्या माणसाचं अपील

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि कपाळामागच्या एका काळपट डागावर पेन टेकवलं. "हा फ्रंटल लोब. म्हणजे मेंदूचा पुढचा भाग. ठरवणं, लक्षात ठेवणं, राग आवरणं इथून चालतं. इथली जखम भरून निघणारी नाही."

माझे मिस्टर भास्कर शेजारच्या खुर्चीत बसले होते. हसून म्हणाले, "पण मला लय बरं वाटतंय, डॉक्टर."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. छताजवळचा पंखा दुरुस्त करताना शिडी सरकली आणि ते डोक्यावर पडले. अकरा दिवस आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर बसून मी एकच मागत होते, जीव वाचू दे. जीव वाचला. टाके केसांत झाकले गेले, हातपाय धड होते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काही झालंय असं वाटतच नाही.

घरात मला मात्र दिसत होतं. हे मेथी आणायला गेले की एका सकाळी तीन वेळा मेथी यायची. गॅस पेटवून तसेच बाहेर पडायचे. कधी आवाज न चढवणारा माणूस भात गार आहे म्हणून ताट भिंतीवर फेकायचा, आणि मग लहान मुलासारखा रडायचा.

दोन महिन्यांनी कारखान्याने कामावर घेतलं. चौथ्या दिवशी त्यांच्याच खात्यातले एकनाथभाऊ त्यांना घरी घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, यांनी मेन स्विच बंद न करताच पॅनल उघडलं. मी हात धरला म्हणून वाचले. आता पाठवू नका."

मी भावाच्या मळ्यातली फुलं विकायला बसायचे, तेही थांबलं. यांना एकटं ठेवता येईना.

कामावर अपघात झाला की कामगार विम्यातून अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची समिती, किती टक्के अपंगत्व आहे ते ठरवते. आम्ही गेलो. मला बाहेर थांबवलं. हे दहा मिनिटांत हसत बाहेर आले. बोर्डाने दहाच टक्के दिले, म्हणजे पैसे नावापुरते.

घरी हे हात धुवायला गेले तेव्हा मला यांचा तळहात दिसला. निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरांत लिहिलं होतं. वार, तारीख, महिना, आमचा पत्ता, मुख्यमंत्र्यांचं नाव.

"हे काय?"

"विचारतात ना ते. म्हणून तयारी करून गेलो. सगळं बरोबर सांगितलं." चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद होता.

एकनाथभाऊंनी आम्हाला द्वारका चौकाजवळच्या एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "अपील करू. मुदत आहे अजून. पण ताई, तुमचे मिस्टर पाच मिनिटं कुणाशीही छान बोलतात. खरा त्रास सहाव्या मिनिटाला सुरू होतो, आणि तो फक्त तुम्हाला दिसतो. रोज वहीत लिहा. खोटं एक अक्षर नको, आणि लाज वाटली म्हणून गाळायचंही नाही."

मी लिहायला लागले. मंगळवार: गॅस चालू. बुधवार: स्वतःच्याच गल्लीत रस्ता चुकले. शुक्रवार: माझ्यावर हात उगारला. हे शेवटचं लिहायला मला दोन दिवस लागले. इतकी वर्षं नवऱ्याचं उणं मी माहेरीही सांगितलं नव्हतं. आता ते तारखेनिशी लिहीत होते, परक्यांनी वाचावं म्हणून.

मुंबईला जाऊन न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट केली. म्हणजे प्रश्न, चित्रं आणि ठोकळे देऊन मेंदूचं काम तपासतात. आमच्या डॉक्टरांनी न मागता दोन पानी पत्र लिहून दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एका दुपारी वही यांच्या हाती लागली. बरीच पानं वाचली.

"हे कुणाबद्दल लिहिलंय?"

"तुमच्याबद्दल."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "म्हणजे मी येडा हाय, असं सांगायचं तिथं?"

"नाही हो. डोक्याला लागलंय, एवढंच सांगायचं."

"नीट बोललो तर?"

मी वही त्यांच्या हातातून घेऊन कपाटात ठेवली. अर्ध्या तासाने ते सगळं विसरले आणि चहा मागितला. मी विसरले नाही.

सुनावणीच्या सकाळी ते लवकर उठून, अंघोळ करून, कॅलेंडरसमोर उभे होते. हातात पेन होतं. मी त्यांना मोरीत नेलं आणि साबण लावून तळहात चोळला. शाई जाता जाईना. "अगं, दुखतंय," ते म्हणाले. तरी मी चोळत राहिले. आपल्या माणसाने नापास व्हावं म्हणून मी झटत होते.

या वेळी मला आत बसू दिलं, पण बोलायचं नाही अशी ताकीद होती. समोर एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. एका डॉक्टरांनी सांगितलं, "तीन शब्द लक्षात ठेवा. आंबा, खुर्ची, नदी." मग कामाचं विचारलं. मोटार जळली तर कसं ओळखायचं, ते यांनी इतकं सुरेख समजावून सांगितलं की न्यायाधीश मान डोलवायला लागले.

"आता ते तीन शब्द सांगा."

यांनी तळहात उघडला. तो कोरा होता. अंगठ्याने तो पुसत राहिले, जणू अक्षरं खाली कुठेतरी असतील.

"बरं, सकाळी काय खाल्लं?"

हे माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली.

"हिला माहितीये," ते हळूच म्हणाले. "ही सांगेल."

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "सगळं बरोबर सांगितलं ना मी?"

"हो," मी म्हणाले. "सगळं बरोबर सांगितलंत."

दीड महिन्याने निकाल आला. टक्के पुष्कळ वाढवले होते आणि पुढे लिहिलं होतं, 'कायमचे अपंगत्व'. याच शब्दासाठी मी धडपडत होते. तो मिळाला, आणि कागद हातात धरून मी ढसाढसा रडले. माझा नवरा बरा होणार नाही, हे मीच सिद्ध करून आणलं होतं. त्या दिवशी मी जुन्या भास्करचं मनातल्या मनात सुतक धरलं. कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या घरी असं बरं दिसणारं माणूस असेल, तर पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. तपासणीला आत बसायची परवानगी मागा. आणि लिहिताना रडू आलं तर येऊ द्या. ती चहाडी नव्हे. मला हे कळायला फार वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात एकनाथभाऊ आले, तेव्हा मी यांची हत्यारांची पिशवी त्यांना दिली. हे झोपलेत असं समजून दिली. पण ते दारात उभे होते. जवळ आले, पिशवीतून टेस्टर काढला, बोटांत फिरवून पाहिला आणि भाऊंच्या हातात ठेवला.

"याचा दिवा कधीकधी लागत नाय. बघून वापर," ते म्हणाले. "मला आता नाय लागायचा."

मी समजत होते की यांना काही कळलेलंच नाही.