लिपनिकचा धनी

आमच्या सिलेशियात दर दहा कोसांवर एक ड्यूक. जमीन ओंजळभर, बिरुदं हातभर. पण आमच्या ड्यूकच्या मुद्रेवर जे लिहिलं होतं ते खरं होतं, आणि ते एका बाईने कोरलं होतं. म्हणून सांगतोय, कुणाला आवडो न आवडो.

ओफ्का ही सोनाराची विधवा. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता बाई हत्यारं विकेल. तिने विकली नाहीत. उलटी अक्षरं कोरण्यात तिचा हात नवऱ्यापेक्षा साफ, हे नवराच बियर चढल्यावर कबूल करायचा. ड्यूकची मोठी मुद्रा तिने दोन वर्षं खपून केली. मधे घोडेस्वार, आणि कडेने गोल फिरत 'राडोवचा ड्यूक, झाबोरचा आणि लिपनिकचा धनी'. लिपनिक तिचं माहेर. शेजारच्या ड्यूकचा त्या गावावर डोळा. दोनदा जाळलं होतं त्याने. ते नाव कोरताना काय वाटलं, असं मी एकदा विचारलं.

"व्होयमिर, तू तुझं मेण वितळव," ती म्हणाली. "नसत्या चौकशा नकोत."

ड्यूकच्या दफ्तरात पत्रांवर मुद्रा उठवायचं मेण वितळवायला मीच होतो. अक्षरांत मेण साचलं की मुद्रा तिच्याकडे साफ करायला न्यायची, हे माझं काम. त्या दिवशी तशीच नेली होती. ती सुईने एकेक अक्षर मोकळं करत होती, आणि किल्ल्यावरची घंटा वाजू लागली. वाजतच राहिली. आमचे आजारी ड्यूक गेले होते.

आमच्यात धनी गेला की त्याची मुद्राही जाते. शवपेटीपाशी, सगळ्यांदेखत, ज्याने घडवली त्यानेच ती फोडायची. नाहीतर मेलेल्या माणसाच्या नावावर कुणीही काहीही खपवेल.

थोड्याच वेळात कारभारी पाशेक धापा टाकत आला. बाहीत लिहून तयार ठेवलेलं पत्र.

"मुद्रा दे, ओफ्काबाई."

"पत्रात काय आहे?"

"ड्यूकनी काल सांगितलं ते."

"काल त्यांना पाण्याचा घोट गिळवत नव्हता. वाचा."

पाशेकने माझ्याकडे पाहिलं, मग खांदे उडवले. "लिपनिक शेजाऱ्याला देतोय. कटकट मिटेल एकदाची. युवराज यायला दोन दिवस आहेत, त्याआधी उरकू." मग आवाजात साखर पेरली. "नवी मुद्रा कुणी कोरायची ते मीच ठरवणार. तुझ्याशिवाय आहे कोण?"

शेजाऱ्याने याचे हात ओले केलेत हे मला कळत होतं. मी गप्प बसलो. पोटासाठी बसलो, खोटं कशाला सांगू. अजून लाज वाटते.

ओफ्काने मुद्रा ऐरणीवर ठेवली. घोडेस्वाराच्या छातीवर छिन्नी टेकवली.

"अगं, काय करतेस? चर्चमध्ये फोडायची रीत आहे," पाशेक म्हणाला.

"फोडायची मीच ना? मग झालं."

घंटेचा धातू तो, ठिसूळ. तीन घावांत तीन तुकडे झाले. दोन वर्षं डोळे फोडून केलेलं काम, आणि बाईने एकही घाव वाया घालवला नाही. मी तिला मनातल्या मनात दंडवत घातला.

"न्या आता," ती पाशेकला म्हणाली.

युवराज आले तोवर पाशेकने पत्र चुलीत घातलं होतं. या खेपेला मी तोंड उघडलं, सगळं सांगितलं. पण कारभाऱ्यापुढे मेणवाल्याचं कोण ऐकतो? रीत मोडली म्हणून ओफ्काला पुन्हा कधीही मुद्रा कोरायची मनाई झाली. नवी मुद्रा व्रोत्सवाफ शहरातल्या सोनाराने केली. जिचा हात अख्ख्या मुलखात पहिला, ती बाई चमचे आणि पट्ट्याची बक्कलं घडवायला लागली. कुरकुर नाही, की कुणाला शिव्या नाहीत. मी तिच्या जागी असतो तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

नव्या मुद्रेचा पहिला ठसा घेतला, तेव्हा मी मेणाचा एक तुकडा चोरून तिच्याकडे नेला. तिने घोडेस्वाराकडे पाहिलंसुद्धा नाही. कडेकडेने अंगठा फिरवत गेली आणि एका जागी थांबली.

"उथळ कोरलंय," ती म्हणाली. "पण आहे. लिपनिक आहे."

आणि मग हातातलं बक्कल खाली ठेवून ती रडली.