कवडूजींना न दिसलेला तलाव

कवडूजी थूल यांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालवा चौकीदारी केली. सेलूच्या बाजूच्या कोणत्या गावाला पाणी कधी सोडायचं, कोणतं फाटक किती फेरे उघडायचं, हे त्यांना कागद न बघता ठाऊक असे. रिटायर झाले आणि दिवसाचं काय करावं ते कळेना. त्यांची मुलगी सरिता जाम गावाजवळच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या ओळखीचे बारा शिक्षक हिमाचलात निघाले, त्यातल्या एकीचं ऐनवेळी रद्द झालं, आणि त्या जागी सरितानं बाबांचं नाव घातलं. उंच डोंगरात दोन तलाव आहेत, सकाळी चढायचं, पाहायचं, संध्याकाळी खाली यायचं, एवढंच तिनं सांगितलं होतं. तलाव म्हटल्यावर कवडूजी तयार झाले.

चढायला लागल्यापासूनच त्यांचं डोकं चालेना. अंगावर ऊन चटके देत होतं आणि पायाखाली बर्फ. चार पावलं टाकली की छाती भरून येई. सगळीकडून पाणी वाहिल्याचा आवाज, पण पाणी कुठं दिसत नव्हतं. ते थांबून थांबून ऐकत. एवढं पाणी कुठून येतं, कुठं जातं, काही पत्ता लागेना.

अकराच्या सुमारास सगळे एका पांढऱ्या सपाट खोलगटाशी पोचले. तिथल्याच गावचा गाइड हेमराज म्हणाला, पोचलो. लोकांनी फोटो काढले, डबे उघडले. धट्टेकट्टे होते ते हेमराजच्या हाताखालच्या माणसाबरोबर कड्यापलीकडचा दुसरा तलाव बघायला पुढं गेले, सरिताही त्यांच्यासोबत गेली. कवडूजी आणि दमलेले चौघं हेमराजसोबत मागं राहिले.

पोळीचा घास संपवून कवडूजींनी हेमराजला हिंदीत विचारलं, तलाव कुठं आहे? हेमराजनं हात फिरवून समोरचं सगळं दाखवलं. कवडूजींनी पाहिलं. बर्फ होता. हात डावीकडून उजवीकडे गेला होता, त्यात अर्धा डोंगरही आला होता. पलीकडच्या कडेला एक निळसर रेघ होती, ती सावली की पाणी, ठरेना. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "भाऊ, तलाव कुठं आहे म्हणता?"

या खेपेला हेमराज त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि डोळ्यांत निरखून पाहू लागला. नाव विचारलं. गाव विचारलं. कवडूजींनी सेलू सांगितलं, हेमराजच्या यादीत जिल्ह्याचं नाव, वर्धा होतं. वार विचारला. कवडूजींनी मनात जुळवणी केली. रविवारी निघालो, दोन रात्री गाडीत, एक बसमध्ये, मग मुक्काम एक झाला की दोन? ते म्हणाले, गुरुवार. शुक्रवार होता. मग हेमराजनं त्यांना पावलापुढं पाऊल लावून सरळ रेघेत चालायला सांगितलं. त्या बर्फात सरळ कोण चाललं असतं? तिसऱ्या पावलाला ते बसकन खाली आले.

उंचीवर हवा विरळ होते, माणसाला भ्रम होतो, आता खाली न्यायलाच हवं, असं हेमराजनं सगळ्यांना सांगितलं. सरितासाठी एकाजवळ निरोप ठेवला आणि कवडूजींचा दंड धरून उतरायला लागला. मी बरा आहे, असं कवडूजी दोनदा म्हणाले. पण भ्रम झालेला माणूसही हेच म्हणत असेल, असं मनात आलं आणि ते त्याच्यासोबत उतरत राहिले. डोकं तर दुखतच होतं. सकाळपासून कशाचाच नीट मेळ लागत नव्हता. मग ही चूक डोंगराची होती की आपल्या डोक्याची?

खाली कुरणाजवळ ते दगडावर बसले होते तेव्हा सरिता धापा टाकत आली.

"बाबा, मी कोण आहो?"

"तू सरिता. काऊन विचारून राह्यली?"

तिनं त्यांचे हात चोळले, पाणी पाजलं. कवडूजींनी तिला जरा दम खाऊ दिला आणि हळूच विचारलं, "तुले दिसला का तलाव?"

सरितानं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. "तिथंही बर्फच होता. गाइडच्या माणसानं सांगतलं, हाच तलाव. आम्ही फोटो काढले."

"म्हणजे दिसला का नाई?"

"मले नाई सांगता येत, बाबा."

गावातल्या डॉक्टरनं रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावून पाहिलं. आता सगळं ठीक आहे, म्हणाला. वर असताना भ्रम झाला होता का, या प्रश्नावर त्यानं खांदे उडवले. तेव्हा बघितलं असतं तर सांगता आलं असतं, म्हणाला.

रात्री जेवताना शिक्षक मंडळींनी कवडूजींना उठूच दिलं नाही, ताट जागेवर आणून दिलं. सगळे त्यांच्याशी जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. दुसऱ्या दिवशी बाजारात निघताना सरितानं त्यांच्या खिशात एक चिठ्ठी घातली. तिच्यावर त्यांचं नाव, हॉटेलचं नाव आणि तिचा फोन नंबर होता. रागवावं की काय करावं, ते कवडूजींना उमगेना. त्यांनी चिठ्ठी काढून वाचली, नंबर बरोबर आहे ना ते पाहिलं, आणि घडी घालून परत खिशात ठेवली.