मेहकरच्या जिन्यावरचं तारेचं रेलिंग

"बहिणीला रेलिंग तारेचंच पाहिजे. पण तिथला कॉन्ट्रॅक्टर वेल्डर म्हणून प्रकाश इंगळेचं नाव सांगून राह्यला. तोच ना तो, कच्च्या वेल्डिंगवाला?"

मेहकरहून सुलभाताईंचा फोन होता. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर देऊळगाव राजाला बांधून होत आलं होतं. मी चिखलीत चाळीस वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवलं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. आता वय बहात्तर, वर्कशॉप बंद. फोनवर नुसतं "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

मी म्हणालो, "उद्या बहिणीकडे या. प्रकाशलाही बोलवा. मी येतो."

तारेचं रेलिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. खांबांना भोकं पाडून त्यांतून स्टीलच्या पीळदार तारा आडव्या ओवायच्या आणि टोकाला टर्नबकल लावून ताणायच्या. टर्नबकल म्हणजे फिरवलं की तार घट्ट करणारा स्क्रू. गच्चीवरून समोरचं सगळं मोकळं दिसतं, म्हणून लोकांना आवडतं. अडचण एकच. पाइपाच्या रेलिंगमध्ये खांब नुसता उभा असतो. इथे दहा तारा शेवटच्या खांबाला रात्रंदिवस आत ओढत असतात.

नऊ वर्षांपूर्वी मेहकरच्या घरासाठी सुलभाताईंच्या मुलाने पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवला. "काका, जिन्याला आणि गच्चीला असं होईल का?" मी असं काम आधी कधी केलं नव्हतं. तरी "होईल" म्हणालो. खांब नेहमीचे घेतले, दोन इंची पातळ पाइपाचे. अंतर नेहमीचं, सहा-सहा फूट.

प्रकाश तेव्हा माझ्याकडे वेल्डर होता. हात अतिशय साफ. पहिल्या दिवशीच तो खांब हलवून म्हणाला, "काका, वावराच्या कुंपणात कोपऱ्याच्या खांबाले आपण तिरपा टेका देतो. याले काऊन नाही? तारा ताणल्या की हा वाकते."

"जिन्यावर टेका कसा दिसंल बे? तू वेल्डिंग कर, डिझाइन मी पाहतो."

त्याने वेल्डिंग सुरू केलं. मुळात कुंपणाच्या तारा ताणण्यातच आमची अर्धी हयात गेलेली. जे शेतात डोळे झाकून केलं, ते टाइल्सच्या जिन्यावर मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण फोटोत टेका नव्हता.

महिनाभरात शेवटचे खांब बोटभर आत झुकले. एक तार ताणली की दुसरी ढिली पडायची. मधे सहा फुटांचा मोकळा पल्ला, त्यामुळे हाताने दाबलं की दोन तारा सहज फाकायच्या. एका दुपारी सुलभाताईंची चार वर्षांची नात जिन्यावर बसून खेळता खेळता तारांतून कमरेपर्यंत बाहेर गेली. ताईंनी फ्रॉक धरून तिला आत ओढलं. खाली फरशी होती.

मी आणि प्रकाश धावत गेलो. घरचे, शेजारी, मेहकरचे दोन कॉन्ट्रॅक्टर, सगळे जिन्याखाली उभे होते. "हे कसं झालं?" ताईंनी विचारलं. खांबाकडे पाहताक्षणी मला कळलं होतं. मी म्हणालो, "वेल्डिंग कच्चं राहिलं. वेल्डरची चूक."

प्रकाशने माझ्याकडे एकदा पाहिलं. पाना खाली ठेवला आणि निघून गेला.

दुरुस्ती मी दुसऱ्या माणसाला घेऊन केली. शेवटचे खांब जाड चौकोनी घातले. मधे दर तीन फुटांवर एक खांब वाढवला. मधल्या जुन्या खांबांच्या, प्रकाशने केलेल्या एकाही जोडाला हात लावला नाही, कारण लावायची गरजच नव्हती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रकाशला मात्र मेहकरात पुन्हा कोणी बोलावलं नाही. तो देऊळगाव राजाला गेला आणि छोटं दुकान टाकून गेटं बनवू लागला.

ताईंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीने देऊळगाव राजाला पोचलो. ताई, त्यांची बहीण, कॉन्ट्रॅक्टर आणि प्रकाश, चौघेही होते. वर लिहिलं ते सगळं मी उभ्यानेच सांगितलं.

ताई म्हणाल्या, "नऊ वर्षं? अहो, मी वर्गातल्या पोरांना एवढ्यासाठी बाकावर उभं करत होते."

"हो ताई."

"मला काय सांगता? त्याला सांगा."

प्रकाशचे केस पिकले होते. मी त्याच्याकडे वळलो. "चूक माझी होती, प्रकाश. तू बोलला होतास."

"काका, तिथले माहे जोड अजून शाबूत हाये का?"

"हाये. एकबी हलला नाही."

"हाव, मंग." तो टेप काढून जिना मोजायला लागला. खाली वाकूनच म्हणाला, "इथं सांगून काय होते? हे तं मले वळखतात. मेहकरात सांगा."

त्याच आठवड्यात मी मेहकरला गेलो. सकाळी कॉन्ट्रॅक्टर लोक एका टपरीवर चहाला जमतात, तिथे. एकजण हसला, "बुढा आता कबुली देऊन राह्यला!" दुसऱ्याने प्रकाशचा नंबर लिहून घेतला.

देऊळगावचं काम प्रकाशने पंधरा दिवसांत केलं. खांब तीन-तीन फुटांवर, तारा तीन-तीन इंचांवर. जिन्याच्या वळणावर तार वाकवली नाही, तिथेच संपवून दुसरी सुरू केली. ताणताना मधल्या तारेपासून सुरुवात, मग एक वरची, एक खालची. शेवटी पूजेसाठी आणलेला नारळ त्याने तारांमधून दाबून पाहिला. जाईना. सुलभाताईंनी स्वतः दोन ठिकाणी दाबून पाहिला, मगच फोडू दिला.

परवा प्रकाशचा फोन आला. मेहकरातून एका जिन्याचं काम आलंय. "उतारावर भोकं किती तिरपी पाडू, तुम्ही तवा कशी पाडली होती?" मी सांगितलं, "मी चुकीची पाडली होती. जिन्याच्या उताराला फळी लाव आणि तिच्यावरून माप घे." तो म्हणाला, "ते मले मालूम होतं, पाहून राह्यलो होतो तुम्ही खरं सांगता का."

तारेचं रेलिंग लावणार असाल तर शेवटचा खांब जाड घ्या. आणि वेल्डर काही म्हणाला तर काम थांबवून ऐका.