कुलूपवाल्याचं थंड डोकं

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. गल्लीत सगळे ह्यांना थंडोबा म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मीच पाडलंय. एकदा स्टोव्हचा भडका उडून पडदा पेटला. मी बोंबलत बाहेर पळाले, आणि ह्यांनी बादली नळाखाली धरली, काठोकाठ भरू दिली, मग ओतली. वर मलाच विचारतात, "ओरडून आग विझते का गं?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हे कानस घेऊन किल्ली घासत बसतात.

दंगल पेटली तेव्हाही तेच. पलीकडे दुकानं जळत होती, वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांची घरं दाखवून देत होते, आणि ह्यांचं आपलं एकच, "डोकं शांत ठेवायचं." मी म्हटलं, "ठेवा बर्फात!"

लोक ज्यांच्यावर उठले होते, त्यांच्यातलंच आमच्या शेजारचं घर. दुपारी तिथला मुलगा बायको-मुलीला स्कूटरवर घालून निघाला. त्याची आई, आमच्या मावशी, कमरेखाली लुळी, तिला कशी नेणार? घर रिकामं वाटावं म्हणून त्यानं पुढचं दार बाहेरून कुलूपबंद केलं, आणि ह्यांचे दोन्ही हात धरले. "दादा, आई आत आहे. गाडी घेऊन येतोच."

मी म्हटलं, मागच्या बोळातून मावशींना आत्ताच आपल्याकडे आणू. हे म्हणाले, "समोर गच्चीवर लोक उभे आहेत. अंधार पडू दे. जरा दम धर."

अंधार पडायच्या आत ती माणसं आली. पुढे कोपऱ्यावरचा टायरवाला, परवापर्यंत मावशींकडून पाणी मागून पिणारा. त्याला दार फोडायचं नव्हतं, कारण त्या घरात मेव्हण्याला आणून बसवायचं होतं. मेल्याला दार धड हवं होतं! म्हणून ह्यांना हाक मारली. "चल थंडोबा, उघड."

हे हत्यारांची पिशवी घेऊन गेले आणि पायरीवर बसले. "जुनं कुलूप आहे, जरा लाडीगोडीनं घ्यावं लागतं," म्हणाले. आत कोणी सापडलं तर, असं एकानं विचारलं. हे म्हणाले, "सापडलं तर बघू की! आधी दार तर उघडू दे." सगळे हसले. हेही हसले. आणि हसता हसताच पिशवीतली एक किल्ली कुलपात घालून अशी पिळली की ती आतच मोडली.

"झालं का! आता दारातल्या कुलपाची जीभच कापावी लागणार. उद्या बारीक करवत आणून कापून देतो, दाराला ओरखडा येणार नाही." टायरवाल्यानं ह्यांच्या एक थोबाडीत ठेवून दिली, शिव्या घातल्या आणि सगळे पुढच्या गल्लीत गेले. माझा ऊर भरून आला. म्हटलं, धन्य बाई ह्या डोक्याची!

अंधार पडताच ह्यांनी तारेनं मागच्या दाराची आतली कडी उचलली. मी मागोमाग आत. मावशी पलंगावरून पडून सरपटत कपाटाआड गेल्या होत्या. कपडे ओले झाले होते.

"मावशी, चला," हे हळूच म्हणाले.

तो आवाज ऐकून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मी ऐकलंय रे सगळं. तू हसत होतास."

हे समजावू लागले, किल्ली मुद्दाम मोडली म्हणून. नेहमीसारखे, शांतपणे. हे जितकं शांत बोलत होते, तितक्या त्या मागे सरकत होत्या. त्यांचं तरी काय चुकलं? दाराआड त्यांना नुसते आवाज येत होते, आणि आवाजात ह्यांच्यात आणि त्या मेल्यात काही फरक नव्हता. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "पोरी, ह्याला सांग, मारायचंच असेल तर लवकर मार."

हे तिथंच मटकन खाली बसले. मावशींना पाठीवर घेऊन मीच बोळ ओलांडला.

थोड्या वेळानं मुलगा गाडी घेऊन आला, ह्यांच्या गळ्यात पडून रडला. निघताना ह्यांनी मावशींपुढे पाण्याचा पेला धरला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी तोच पेला ह्यांच्या हातातून घेऊन पुढे केला, तर गटागट प्यायल्या.