आज आमचा बँड पडला तो उठलाच नाही

मंडळी, प्रकाशा गावातल्या वरातीतून आत्ताच आलोय. डोकं अजून भणभणतंय.

आमचा नाटकवाला बँड तुम्ही पाहिलाय. वाजवता वाजवता आम्ही सगळे रस्त्यावर मरून पडतो. मग आमचे म्होरके नाना एकटे ट्रम्पेट फुंकतात आणि त्या सुरावर आम्ही एकेक जण जिवंत होतो. लोक याच खेळासाठी आम्हाला बोलवायचे.

आज मागे डीजेची गाडी होती. आम्ही पडलो, पण नानांचा सूर येईचना. डोळे मिटून वाट बघत राहिलो. पोरं आम्हाला ओलांडून नाचत होती.

शेवटी नानांनीच येऊन मला हलवलं. "ऊठ रे भाऊ, मी वाजाडीच ऱ्हायनू." ते केव्हाचे वाजवतच होते, डीजेपुढे आम्हाला ऐकूच आलं नव्हतं.

उद्या खांडबाऱ्याच्या वरातीतही डीजे आहे. सांगा, पडायचं का?